खानेसुमारी, जुनी दप्तरे आणि कोलशेतच्या मूळ घराण्यांचा शोध

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की गावात दोन याद्या तयार होऊ लागतात. एक देणगीदारांची आणि दुसरी मानकऱ्यांची. देणगीदारांची यादी पावतीपुस्तकावरून करता येते. मानकऱ्यांच्या यादीला मात्र वेळ लागतो. पहिला नारळ कोणाचा, पालखीला पुढचा खांदा कोणत्या आळीचा, गावात पहिले घर कोणत्या घराण्याने बांधले, असे प्रश्न तेव्हा पुढे येतात. वडीलधारी माणसे आपापल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले सांगतात आणि प्रत्येकाला आपले ऐकलेलेच खरे वाटत असते. अशा बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतो, "वाद कशाला? इंग्रजांच्या वेळची खानेसुमारी काढा. तिच्यात सगळ्यांची नावे असतील."

हा समज केवळ कोलशेतमध्ये नव्हे, महाराष्ट्रातील बहुतेक गावांत आहे. जुन्या खानेसुमारीत आपल्या पणजोबांचे नाव लिहिलेले आहे आणि ते कोठल्यातरी सरकारी कपाटात सापडेल, अशी पुष्कळांची श्रद्धा असते. ती कितपत खरी आहे, आणि खानेसुमारीत नाव सापडले नाही तर घराण्याचा माग कोणत्या कागदांवरून काढावा, याचा विचार जीर्णोद्धाराच्या निमित्ताने होणे योग्य होय.

राज्ये बदलली, गाव राहिले

कोलशेत हे साष्टी बेटाच्या ईशान्येकडील खाडीकाठचे गाव. ठाण्याहून वसईकडे जाणारी खाडी हीच त्याची जुनी वाट. मागे येऊरचे डोंगर, पुढे खाजण आणि पाणी. भातशेती, मासेमारी आणि मीठ ही या काठाची जुनी उपजीविका. मिठाच्या आगरावरून आगरी हे नाव आले असे मानतात. आगरी व कोळी घराणी हा या सबंध किनारपट्टीचा कणा होय.

या काठावर राज्ये किती बदलली ते पाहावे. १५३४ च्या तहाने साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे गेली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८६९ मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाबा वेगळा झाला, १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निघाला.

इतिहासाच्या पुस्तकातल्या या सनांचा वंशावळीशी थेट संबंध आहे. प्रत्येक राज्याने आपल्या भाषेत आणि आपल्या गरजेप्रमाणे कागद लिहिले. पोर्तुगीजांचे कागद पोर्तुगीज भाषेत, त्यांतले पुष्कळसे गोव्याच्या पुराभिलेखागारात. मराठेशाहीचे कागद मोडीत, पुण्याच्या पेशवे दप्तरात. कंपनी सरकारचे कागद इंग्रजीत व मोडीत, मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि जिल्ह्याच्या दप्तरात. माणसे एकाच गावात राहिली, पण त्यांची नावे तीन भाषांत आणि तीन-चार शहरांत विखुरली गेली. म्हणून मूळ पुरुषाचा शोध ही एका कचेरीतली एका दिवसाची गोष्ट नव्हे.

खाने म्हणजे घर

खानेसुमारी हा शब्द फारसीतून आला. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. इंग्रज येण्यापूर्वीही आपल्याकडे खानेसुमारी होत असे. पेशवाईत घरपट्टी व इतर वसुलीसाठी कसबे आणि पेठांतील घरे मोजून घरवाल्यांची नावे व त्यांची जात किंवा धंदा लिहिला जाई. अशा याद्या मोडी दप्तरांत आढळतात. त्यांत बायका-मुलांची मोजदाद नसली तरी घरधन्याचे नाव असे, कारण वसूल त्याच्याकडून व्हायचा होता.

इंग्रजी अमलातील जनगणनेचा हेतू निराळा होता. १८७२ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात पहिली मोठी शिरगणती झाली. सबंध देशात ती एकाच वेळी झाली नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी मात्र हिंदुस्थानभर एकाच रात्री गणती झाली आणि तिच्यात सुमारे २५ कोटी ३९ लाख माणसे मोजली गेली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. २०२१ ची गणती करोनाच्या साथीमुळे पुढे गेली, एवढाच काय तो खंड.

त्या काळची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. गणतीच्या आधी घरांवर क्रमांक घातले जात. तलाठी, शाळामास्तर, गावचे लिहिणारे कारकून हेच गणती करणारे. आधी काही आठवडे प्रत्येक घरी जाऊन माणसांची माहिती काळ्या शाईने तक्त्यात लिहून ठेवायची, आणि गणतीच्या रात्री पुन्हा फिरून जो मेला वा परगावी गेला त्याला तांबड्या शाईने काट मारायची, जो जन्मला वा पाहुणा आला त्याला तांबड्या शाईने लिहायचे. त्या रात्री जो जेथे असेल तेथे तो मोजला जाई. म्हणजे कोलशेतचा कोळी त्या रात्री होडी घेऊन दुसऱ्या बंदरात असेल तर त्याची मोजणी तिकडे व्हावयाची.

तक्त्यात नाव, स्त्री की पुरुष, वय, लग्न, धर्म, जात, मातृभाषा, जन्मठिकाण, धंदा, लिहिता-वाचता येते की नाही, इतके सर्व विचारले जाई. हे वाचून कोणालाही वाटेल की असा तक्ता हाती लागला तर घराण्याचा प्रश्न एका क्षणात सुटेल.

नावे कोठे गेली?

तो तक्ता हाती लागत नाही, याचे कारण साधे आहे. सरकारला नावांची गरज नव्हती; त्याला बेरजा पाहिजे होत्या. एका जिल्ह्यात किती पुरुष, किती बायका, किती साक्षर, कोणत्या जातीचे किती, एवढे कळले की काम झाले. तक्त्यांवरून बेरजा काढल्या जात. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक वेगळी चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणांत वाटून मोजण्याची पद्धत आली. बेरजा छापून झाल्यावर तक्ते आणि चिठ्ठ्या रद्दी ठरल्या. कोट्यवधी माणसांची नावे एकदा लिहिली गेली आणि पुसली गेली. राहिले ते आकड्यांचे जाड ग्रंथ.

या ग्रंथांचा उपयोग नाही असे नव्हे. १८८२ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या ठाणे खंडांत जिल्ह्यातील जातीजमाती, शेती, मिठागरे, बंदरे यांची माहिती आहे आणि तिला १८७२ च्या गणतीचे आकडे जोडलेले आहेत. १९०१ मध्ये ठाणे शहराची वस्ती १६,०११ होती. २०११ मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत १८,४१,४८८ माणसे मोजली गेली. गाव कोणत्या लाटेत सापडले ते या दोन आकड्यांवरून कळते. पण या आकड्यांत एकाही घराण्याचे नाव नाही.

इतर देशांत वेगळे घडले. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनचे घरोघरचे तक्ते जपून ठेवले आणि शंभर वर्षे झाली की ते लोकांसाठी उघडले जातात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये उघडले. अमेरिकेत बहात्तर वर्षांनी उघडतात. १९५० चे एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. तेथील सामान्य माणूससुद्धा आपल्या पणजोबांचे घर, त्यांचा धंदा, शेजारी कोण होते, हे सारे वाचू शकतो. म्हणून परदेशी गेलेल्या आप्तेष्टांकडून, "आमच्याकडे सगळे मिळते, तुमच्याकडे का नाही?" असा प्रश्न येतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने घरोघरची माहिती गुप्त आहे. ती कोणाला पाहता येत नाही व पुरावा म्हणूनही घेतली जात नाही. माणसाने निर्धास्तपणे खरे सांगावे म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे वंशावळीच्या कामी जनगणनेचे दार बंद झाले, हेही खरे.

१९५१ चे एक दार

तरी एक अपवाद झाला. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी मोजलेल्या माणसांच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले. त्यात घरवार माणसे लिहिलेली असत. प्रत्येकाचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, शिक्षण, धंदा. खानेसुमारीतून निघालेले आणि नावे असलेले असे हे रजिस्टर होय.

याचे महत्त्व पुढे कळले. आसामात याच १९५१ च्या रजिस्टरावर लाखो लोकांनी आपल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधली, कारण तेथे नागरिकांची नवी यादी करताना पूर्वजांशी नाते दाखवावे लागले. ती यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तपासावयाच्या कागदांच्या यादीत खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळनोंदवही यांच्या पंक्तीला हे १९५१ चे रजिस्टरही होते.

त्याच प्रकरणात आकडे आणि नावे यांतील फरकही सर्वांना दिसला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेतला गेला. अशा गॅझेटिअरमध्ये जातवार संख्या असते, माणसाचे नाव नसते. म्हणून अर्जदाराची चौकशी करण्यासाठी गावपातळीवर समितीची तरतूद करावी लागली. मोठा ग्रंथ दाखविला तरी शेवटी गावातल्या नोंदीशी आणि गावातल्या माणसांशीच यावे लागते.

हा प्रश्न केवळ मानापानाचा नाही. जातीचा दाखला पडताळणीला गेला की इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. ज्या घरात आजोबांच्या शाळेचा दाखला जपून ठेवलेला असतो त्या घरातील मुलाचा प्रवेश वेळेवर होतो. ज्या घरात तो नसतो त्या घरातील मुलगा परीक्षेत पहिला आला तरी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो. जमिनीच्या वारसाचे तेच. कोलशेतसारख्या गावात, जेथे गुंठ्याचा भाव आज पूर्वीच्या सबंध शिवाराला भारी झाला आहे, तेथे वंशावळीतील एक चुकलेले नाव भावाभावांना कोर्टात उभे करते.

जिन्याच्या पायऱ्या

तेव्हा घराण्याचा शोध कसा घ्यावा? जाणकारांची रीत अशी, की मूळ पुरुषापासून सुरुवात न करता आपल्यापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. जिना चढताना एक पायरी सोडून उडी घेतली की पाय घसरतो, तसेच येथे आहे.

पहिली पायरी शाळेची. प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख व जन्मगाव असते. जन्मतारखेवर फार विसंबू नये. गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून ही तारीख असंख्य घरांत आढळते. पण नाव आणि जात यांसाठी हे रजिस्टर फार मोलाचे.

दुसरी पायरी जन्म-मृत्यूची. गाव नमुना १४, ज्याला बोलण्यात कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म आणि मृत्यू लिहिले जात. त्यात बापाचे नाव, जात आणि मृत्यूचे कारण असे. हे रजिस्टर वाचताना गावाच्या दुःखाचाही इतिहास दिसतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि आसपासच्या मुलखात पसरला. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. एखाद्या घराण्याची शाखा अशा वर्षांत अचानक थांबलेली दिसली तर ती गाव सोडून गेली असे लगेच धरू नये. साथीतही संपलेली असू शकेल.

तिसरी पायरी जमिनीची, आणि ती सर्वांत लांब पोहोचते. आजचा सातबारा, त्याच्या मागे गाव नमुना ६ मधील फेरफार, त्याच्या मागे हक्कनोंदणी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. त्याच्या मागे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची जमीन मोजणी व तिचा आकारबंद. फेरफार हा वंशावळीचा खरा साक्षीदार आहे. "अमुक मयत, वारस मुलगे तीन, विधवा एक" अशी एका ओळीची नोंद असते आणि तिच्यात एक पिढी पूर्ण सापडते. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्यांची नावेही कागदावर आली. त्यापूर्वी सावकाराचे वा खोताचे नाव वरच्या बाजूला आणि कसणाऱ्याचे नाव कोठेच नाही, असे पुष्कळ ठिकाणी होते.

येथे एक गोष्ट ग्रामस्थांनी ध्यानी घ्यावी. ठाणे-कुलाबा पट्ट्यात खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवीत आणि खाजणाचे शेत करीत. अशी जमीन शिलोत्री म्हणून ओळखली जाई. बांधाची माती उचलणारे हात पुष्कळांचे असत, पण कागदावर नाव एकाचेच येई. म्हणून ज्याचे नाव सर्वांत जुन्या कागदावर सापडते तो गावात सर्वांत आधी आला असे सिद्ध होत नाही. त्याचे नाव आधी लिहिले गेले एवढेच सिद्ध होते. मानाचा वाद घालणाऱ्यांनी हा फरक कधीही विसरू नये.

नावांची फसगत

कागद सापडला तरी तो वाचणे हे दुसरे कौशल्य. सुमारे १९५० पूर्वीचे गावचे कागद बहुधा मोडीत आहेत आणि मोडी वाचणारा माणूस आता शोधावा लागतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द एकमेकांना जोडलेले असतात. घाईने वाचले तर एकाचे आजोबा दुसऱ्याचे होतात.

जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसते. "रामा बिन गोमा" अशी नोंद असली तर तिचा अर्थ गोमाचा मुलगा रामा. बिन म्हणजे मुलगा; काही भागांत त्याच अर्थी वलद हा शब्द येतो. आडनाव लावण्याची सवय शाळा, कचेरी आणि गिरणी यांमुळे पुढे वाढली. पाटील हे आडनाव तर आणखी घोटाळ्याचे. मूळ ते हुद्द्याचे नाव. एका भावाकडे पाटिलकी असली की त्याची मुले पाटील म्हणवू लागली आणि दुसऱ्या भावाची मुले जुन्या कुळनावाने राहिली. आज दोन आडनावांची दोन घरे एकाच मूळ पुरुषाची असू शकतात, आणि एकाच आडनावाची दोन घरे परस्परांना अगदी परकीही असू शकतात. कुलदैवत, देवक आणि सोयरीक कोठे होत नाही हे विचारले म्हणजे याचा पुष्कळसा उलगडा होतो.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. त्यामुळे गोमाचा रामा, रामाचा गोमा, पुन्हा गोमाचा रामा अशी साखळी लागते आणि दोन पिढ्या एकच समजल्या जातात. वयाचेही तसेच. जुन्या गणतीत वय विचारले की माणूस चाळीस, पन्नास, साठ असे मोकळे सांगे. शून्य आणि पाच यांवर संपणारी वयेच फार. तेव्हा कागदातील वयावरून जन्माचे साल नक्की धरणे धोक्याचे.

सरकारी दप्तराबाहेर

सरकारी कागद संपतात तेथे इतर वह्या उपयोगी पडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला अस्थी घेऊन किंवा श्राद्धविधीसाठी जाणारी घराणी तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंदलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात. कोण आले, बापाचे नाव काय, आजा कोण, भाऊ किती, हे आलेल्या माणसाने स्वतः सांगून लिहविलेले असते. ज्या घरातील कोणी पन्नास वर्षांपूर्वी तेथे गेला असेल त्या घराने ही वही अवश्य पाहावी, आणि आपलीही पिढी तीत लिहवून यावी. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात. सासर-माहेरच्या दोन्ही बाजूंची नावे त्यांत येतात.

मराठी माणूस दूर गेला तेथेही हे दिसते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कंत्राटी मजूर म्हणून मराठी माणसे मॉरिशसला गेली. त्यांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात आणि मूळ गाव व जिल्हा लिहिलेला आहे. मळेवाल्यांना मजुरावर ताबा ठेवायचा होता म्हणून ही नोंद झाली. पण त्याच नोंदीच्या आधाराने त्या मजुरांचे पणतू कोकणातील आपले गाव शोधीत येतात. समुद्रापलीकडे गेलेल्याचे गाव वहीत राहिले आणि गावातच राहिलेल्याचे नाव रद्दीत गेले, असा हा दैवाचा खेळ आहे.

आयाबहिणींची नावे

या सर्व कागदांत एक मोठी उणीव आहे आणि ती सरकारपेक्षा समाजाची अधिक आहे. जुन्या खानेसुमारीत घरातील बाईचे नाव सांगण्यास हरकत असेल तर "स्त्री" एवढेच लिहावे अशी मुभा असे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीही, मुख्यत्वे उत्तर आणि मध्य भारतात, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गेली. त्यांनी आपले नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असेच सांगितले होते.

घरोघर लिहिलेल्या वंशावळी पाहाव्यात. मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, त्यांचे सात मुलगे असा वृक्ष असतो, आणि त्यात एकही स्त्री नसते. वास्तविक लावणीला वाकलेली, बाजारात पाटी घेऊन बसलेली, नवरा साथीत गेल्यावर पोरे वाढविलेली बाई नसती तर ती शाखा पुढे आलीच नसती. फेरफारातील "विधवा एक" या दोन शब्दांमागे एक सबंध आयुष्य आहे. यापुढे जी वंशावळ लिहिली जाईल तीत आईचे, पत्नीचे आणि मुलीचे नाव, तिचे माहेर व सासर यांसह लिहावे. वारसाच्या कायद्यानेही आता मुलीचा हक्क मानलेला आहे. तिचे नाव गाळणे म्हणजे पुढच्या भांडणाचे बी पेरणे होय.

गाव शहरात गेले

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि आसपासची गावे तिच्यात सामील झाली. कोलशेत हे त्यांपैकी एक. त्याआधीच रस्त्यालगत कारखाने उभे राहिले होते. पुढे कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. खाडीचा काठ तोच, पण शिवार राहिले नाही. जनगणनेच्या पुस्तकात पूर्वी कोलशेतची स्वतंत्र ओळ असे. इतकी घरे, इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. गाव महानगरात गेल्यावर त्याची माणसे शहराच्या प्रभागांच्या बेरजेत मिसळली. घराण्यांची नावे खानेसुमारीत पूर्वीही टिकली नव्हती. आता तिच्यातून गावाचे नावही मागे पडले आहे.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून पुढील जनगणना करण्याची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तीत सर्वांची जात नोंदली जाणार आहे. अशी नोंद होऊन तिचे आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झाले नव्हते. गणती करणारा दारी येईल तेव्हा प्रत्येकाने खरी आणि पूर्ण माहिती द्यावी. पण ती दिली म्हणजे नातवंडांसाठी आपले नाव जपले गेले, असे समजू नये. ते काम त्या कायद्याचे नाहीच. ते गावाचे आहे.

देवळाच्या पेटीतील वही

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने सबंध गाव एकत्र येते. नोकरीनिमित्त बाहेर गेलेले, लग्न होऊन परगावी दिलेल्या लेकी, नव्या इमारतींत राहायला गेलेले सारे देवळाच्या अंगणात भेटतात. अशी संधी एका पिढीत एकदाच येते. तेव्हा प्रत्येक घराने एक कागद लिहावा. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारून, त्याला आठवतील तेवढ्या पिढ्या, प्रत्येकाची बायको, तिचे माहेर, मुलगे आणि मुली, कोण कोठे गेले, कोण कोणत्या साथीत वा वादळात दगावले, शेताचे नाव काय होते, आळी कोणती. ऐकीव असेल तेथे "ऐकीव" लिहावे, कागदाचा आधार असेल तेथे कागदाचे नाव आणि साल लिहावे. दोन घरांचे सांगणे जुळत नसेल तर दोन्ही लिहावीत. खोडाखोड करू नये. जुने दाखले, फेरफार, पावत्या यांच्या नकला जोडाव्यात. असे सर्व कागद एकत्र बांधून एक प्रत देवळाच्या पेटीत आणि एक शाळेत ठेवावी.

देणगीदारांच्या यादीतही नुसते नाव व रक्कम न छापता बापाचे वा नवऱ्याचे नाव आणि आळी छापली, तर शंभर वर्षांनी तीच यादी कोलशेतची खानेसुमारी म्हणून वाचली जाईल. अकरा रुपये देणाऱ्या म्हातारीचे नाव लाख रुपये देणाऱ्याच्या नावाइतकेच तेव्हा मोलाचे ठरेल, कारण कोणाचा तरी पणतू तिचेच नाव शोधीत आलेला असेल.

पहिला नारळ कोणाचा, याचे उत्तर कदाचित कोणत्याच दप्तरात मिळणार नाही. खाजणाचा पहिला बांध ज्यांनी घातला त्यांना लिहिता येत नव्हते आणि त्यांच्यासाठी लिहिणारा कोणी नव्हता. त्यांच्या वंशजांना आज लिहिता येते. ज्या वडीलधाऱ्यांना पूर्वीचे आठवते ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत. कळस चढण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसून ही नावे लिहून घेतली, तर मूळ पुरुषांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.